पूर्वीचे उपचार: नाही

आमच्या सेंटरमधून गेलेली फाइल परत येत नाही. हे वाक्य मी इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलंय, की मी तोंड उघडायच्या आत आमचे डॉक्टरच ते म्हणून दाखवतात. दाखवू देत. बढाई मारायची मला लाज वाटत नाही, कारण ती बढाई खरी आहे. निदान त्या वर्षीच्या दसऱ्यापर्यंत तरी अगदी खरी होती.

बीडमध्ये एका छोट्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर आमचं डॉपलर सेंटर आहे. डॉपलर म्हणजे सोनोग्राफीच, पण रक्तवाहिन्यांची. पायाला थंडगार जेल लावून मशीनचा दांडा फिरवला, की आत रक्त कुठून कुठं चाललंय ते पडद्यावर लाल-निळं दिसतं. सर तपासतात, तोंडानं सांगत जातात, मी शेजारी बसून टाइप करते. त्यानंतरचं सगळं माझं. रिपोर्ट, फोटो, बिल, आणि पेशंटचं ऑपरेशन सरकारी योजनेतून व्हायचं असेल तर मंजुरीची फाइल. ती कंप्युटरवरून वर जाते. वर म्हणजे नेमकं कुठं, ते मी अजून पाहिलेलं नाही. तिथं तपासणारे एक डॉक्टर असतात. ते फाइल वाचतात आणि मंजूर करतात, नाहीतर प्रश्न विचारून परत पाठवतात. त्या परत येण्याला आम्ही क्वेरी म्हणतो. क्वेरी आली की पेशंट ताटकळला.

आता तुम्ही म्हणाल, लिहायचं त्यात काय एवढं? माझा नवराही पहिल्या वर्षी असंच म्हणाला होता, आणि त्या रात्री त्याला पिठलं मिळालं नव्हतं. पाय डावा की उजवा हे नुसतं रिपोर्टवर असून चालत नाही, प्रत्येक फोटोवर लागतं. पेशंटला उभं करून तपासलं की झोपवून, तेही लागतं, कारण शिरेतली झडप नीट मिटते का ते माणूस उभा राहिल्यावरच कळतं. पोटरी दाबून सोडल्यावर रक्त किती सेकंद उलटं खाली घसरत राहिलं, तो आकडा लागतो, आणि तो आकडा ज्या फोटोत दिसतो तो फोटोही लागतो. जखम असली तर तिच्या शेजारी स्केल धरून फोटो. त्रास कधीपासून, आधी काय उपाय केले, हे सगळ्यांच्या वर. एकदा दुसऱ्या गावच्या एका सेंटरमधल्या पोराचा मला फोन आला. रिपोर्टमध्ये डावा पाय आणि फोटोंवर उजवा, असा घोळ त्यानं घातला होता. "म्याडम, आता काय करू?" मी म्हणलं, आधी स्वतःच्या दोन्ही पायांवर पेनानं लिही, मग बाकीचं सांगते. नंतर सांगितलंही सगळं, अर्धा तास फोनवर.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. बारावी आणि कंप्युटरचा कोर्स. माझे आईबाप तलवाड्याकडचे, दर साली ऊसतोडीला जायचे. मला मावशीकडं ठेवून जायचे म्हणून मी शिकले. पाहुण्यांत कुणी विचारलं की आई सांगते, "लेक डाक्टराकडं लिहायला हाय." 'लिहायला' हा शब्द ती अशी उच्चारते, जणू मी कलेक्टरच्या खुर्चीत बसते. मी तिला कधी दुरुस्त केलं नाही.

तर ती बाई. दसरा नुकताच झाला होता. सोमवार असल्यानं बाहेर बाकावर गर्दी होती. लिंबागणेशच्या अलीकडच्या एका गावातून ती आली होती, नवऱ्यासोबत. पस्तिशीची असेल. सणाची नवीन साडी, केसांना तेल, पाय स्वच्छ धुतलेले. उजव्या पायाच्या घोट्याच्या वर, आतल्या अंगाला, रुपयाएवढी उघडी जखम होती आणि भोवतीची कातडी काळी पडलेली. पोटरीवर शिरा गाठीगाठींनी वर आल्या होत्या. नवरा मितभाषी, टोपी हातात धरून दाराशी उभा.

मी नेहमीप्रमाणं माहिती भरून घेतली. जखम किती दिवसांची? दोन सालाची. दुखतं? संध्याकाळी लई. काम काय? कारखान्याला जातो, ऊसतोड. मग मी विचारलं, "याच्यावर काय इलाज केला का?"

"न्हाई ओ ताई. कुठला इलाज? कामातून येळ कुठं घावतो?"

मी टाइप केलं: पूर्वीचे उपचार: नाही. आणि पुढच्या रकान्यात गेले. बाहेर आणखी चार जण होते.

तपासणीसाठी तिला उभं करायचं होतं. सरांसमोर साडी गुडघ्याच्या वर घ्यायला ती तयार होईना. मी चादर आडवी धरली आणि म्हणलं, "माझ्याकडं बघ, सरांकडं बघूच नको." ती खिडकीचा गज धरून उभी राहिली. सरांनी पोटरी दाबून सोडली. पडद्यावर निळं वर गेलं आणि लगेच लाल खाली कोसळायला लागलं, थांबेचना.

"लिहा ताई," सर म्हणाले. "उजवा पाय, उभ्या स्थितीत. साडेतीन सेकंद."

अर्ध्या सेकंदाच्या पुढं गेलं तरी आम्ही झडप बिघडली म्हणतो. 

"कारखान्याला कधी जायचंय?" सरांनी विचारलं.

"शनवारी गाडी हाय," नवरा म्हणाला.

सरांनी चष्मा काढला. सर एरवी कुणाला भीती घालत नाहीत, म्हणून त्यांचं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं. ते म्हणाले, "या शिरेचं ऑपरेशन आधी करून घ्या. लेझरचं आहे, मोठं नाही. पण हा पाय सहा महिने चिखलात आणि उसाच्या पाचटात घातला, तर पुढच्या वर्षी मला दाखवायला तो जागेवर असेल, असं मी सांगू शकत नाही."

 योजनेचं कार्ड होतं. मंजुरी आली तर ऑपरेशन, नाहीतर शनिवारी गाडी. दुसरी कुठली वाट त्यांच्याकडं नव्हती. मी छातीठोकपणे म्हणाले, "फाइल आज जाती. काळजी करू नका. आमच्या सेंटरमधून गेलेली फाइल परत येत न्हाई."

बुधवारी दुपारी ती फाइल परत आली.

क्वेरीत लिहिलं होतं, की अशा ऑपरेशनच्या आधी काही महिने पायाला दाब-पट्टी किंवा खास मोजे वापरून पाहणं आवश्यक आहे. सदर रुग्णाच्या अर्जात 'पूर्वीचे उपचार: नाही' असं नमूद आहे. तीन दिवसांत स्पष्टीकरण द्यावं, अन्यथा अर्ज नामंजूर होईल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी मी त्या तपासणाऱ्या डॉक्टरला मनातल्या मनात शिव्या घातल्या. उसाच्या फडात दहा-दहा तास वाकणाऱ्या बाईनं मोजे घालायचे होते काय? मग त्या बाईवर चिडले, दोन साल जखम अंगावर काढली म्हणून. मग चिडायला कुणी उरलं नाही. तेव्हा मी स्वतःच लिहिलेली ओळ वाचली. तीन शब्द. तिच्या दोन सालांचा हिशेब मी तीन शब्दांत उरकून टाकला होता.

खरं सांगते, हात शिवशिवले. फाइल माझ्याच कंप्युटरमध्ये होती. 'नाही' पुसायचं, 'चार महिने दाब-पट्टी' लिहायचं, सोमवारचीच तारीख ठेवायची आणि पान परत चढवायचं. दोन मिनिटांचं काम. कुणाचं नुकसान होणार होतं? कुणाचंच नाही, उलट एका बाईचा पाय वाचणार होता. कर्सर त्या ओळीवर नेऊन मी बसले होते. पण मग वाटलं, आज मी एक ओळ मनानं लिहिली तर उद्या माझ्या खऱ्या ओळीला कोण विचारणार? माझ्याकडं ना डिग्री, ना खुर्ची. मी लिहिते ते खरं असतं, एवढीच माझी कमाई. मी कंप्युटर बंद केला आणि तिच्या नवऱ्याला फोन लावला.

"ताई, ती म्हणती राहू द्या आता," तो म्हणाला. मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "गाडी भरायलेत. आल्यावर बघू."

"आल्यावर काय बघू? पाय न्हाई राहिला तर काय बघू?"

त्यानं फोन ठेवला. मी जरा जास्तच जोरात बोलले होते. बाहेरच्या बाकावरचे पेशंट दारातून डोकावायला लागले.

गुरुवारी सकाळी सरांना सांगून मी स्कूटी काढली. काय विचारायचं ते माझं मलाही नक्की ठाऊक नव्हतं. फोनवर नवरा बोलतो आणि बाई मागं उभी राहते, एवढं मला कळत होतं. जे काय असेल ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

घर सापडायला वेळ लागला नाही. पूर्ण गल्लीच गाडी भरायला लागलेली होती. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर उभा, त्यात भांडी, गाठोडी, पत्र्याच्या पेट्या, ताडपत्री, वर एक कोंबडीचं खुराडं. ती अंगणात चुलीची राख भरत होती. मला बघून गडबडली, पदर सावरला. मी काही बोलणार, तोच माझी नजर तिच्या मागच्या तारेवर गेली.

तारेवर पट्ट्या वाळत होत्या. जुन्या लुगड्याच्या फाडलेल्या, आठ-दहा, सगळ्या एका मापाच्या, चार बोटं रुंद आणि चांगल्या लांब. धुऊन धुऊन रंग उडालेला. मी स्कूटी स्टँडवर लावायचीच विसरले, ती धाडकन पडली.

असल्या पट्ट्या मी लहानपणी पाहिलेल्या होत्या. माझ्या आईच्या. ती फडावरून परत आली की बोचक्यात त्या गुंडाळून ठेवलेल्या असायच्या आणि मी त्यांच्यात बाहुल्या झोपवायची. आईच्या पोटरीवरही तशाच गाठी आहेत, अजून आहेत. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी त्या बाईला नवीन साडीत बघितलं, धुतलेले पाय बघितले, आणि ऊसतोडणाऱ्याच्या लेकीनं विचारायला पाहिजे तो प्रश्नच विचारला नाही. त्या अंगणात मला स्वतःची जी लाज वाटली, तशी आजवर कशाची वाटली नाही.

"हे काय हाय?" मी विचारलं.

"कुठं काय?"

"तारेवर."

"ते व्हय. पायाच्या पट्ट्या. फडात जायच्या आधी बांधती."

"कधीपासून?"

"दोन सालं झाली. तिकडं कारखान्याजवळ दवाखान्यातल्या नर्सबाईनं शिकवलतं. पयली पट्टी तिनंच दिलती, ताणायची. ती झिजली. मंग लुगड्याच्या फाडल्या. बांधली की पाय जड होत न्हाई."

"मग मी इचारलं तवा न्हाई कावून म्हणलीस?"

ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मलाच काही कळत नव्हतं. "तुमी इलाज इचारला ताई. ह्यो कुठं इलाज हाय? डोक्याला फडकं बांधतो, हाताला फडकं बांधतो, तसं पायाला."

"अगं, आणि सोमवारी बांधून का न्हाई आलीस?"

"दवाखान्यात यायचं अन् असल्या चिंध्या गुंडाळून?" ती म्हणाली. "तुमी काय म्हणला असता? सक्काळी सोडल्या, पाय घासून धुतला, मंग आले."

झालं. म्हणजे जो पुरावा सरकार मागत होतं, तो ह्या बाईनं आमच्यासमोर नीटनेटकं दिसावं म्हणून घरी सोडून ठेवला होता. हसावं की रडावं? मी तिला म्हणलं, "बाई गं, तुझ्या पाया पडते, पण तुझं डोकं फोडावंसं वाटायलंय." ती हसली. पहिल्यांदाच.

"त्या नर्सबाईनं काय लिहून दिलं होतं का? कागद?"

"दिलता की. पेटीत हाय."

"पेटी कुठं हाय?"

तिनं ट्रॉलीकडं बोट दाखवलं. पेटी सगळ्यांत खाली होती. वर चार घरांचा संसार.

टोळीचा मुकादम तिथंच पान खात उभा होता. "ओ बाई, गाडी भरून झाली. आता काय उतरवत न्हाई आमी," तो म्हणाला.

"तुमी नका उतरवू. मी उतरवते," म्हणलं आणि चढले ट्रॉलीवर. वय पंचेचाळीस, दोन्ही गुडघे कुरकुरतात, अंगात ऑफिसची साडी. चाक, मग कडी, मग वर. पहिलं गाठोडं मी खाली टाकलं तेव्हा मुकादम ओरडला. दुसरं टाकलं तेव्हा टोळीतल्या बायका हसायला लागल्या. तिसऱ्याला त्यांनी हात लावला. मग कुणी काही न सांगता त्या रांगेनं उभ्या राहिल्या आणि गाठोडी हातोहात खाली जायला लागली. एकजण मुकादमाला म्हणाली, "तुमीबी हात लावा की, बघायलाव काय नुसते?" त्यानं पान थुंकलं आणि खुराडं उतरवलं.

कागद सापडला. आधार कार्डाच्या पिशवीत, चार घड्या घातलेला. एक कोपरा उंदरानं खाल्लेला, पण शिक्का होता, दोन हंगामांपूर्वीची तारीख होती, आणि शाईनं लिहिलं होतं: पायाला दाब-पट्टी रोज बांधणे, रात्री पाय उंच ठेवणे. तो कागद मी दोन्ही हातांनी धरला आणि त्याच्यावर डोकं टेकवलं. बायकांना वाटलं मी येडीच आहे.

तिला स्कूटीवर मागं बसवून, पट्ट्या पिशवीत घालून मी बीडला आणलं. सरांसमोर स्टुलावर बसवलं आणि म्हणलं, "रोज बांधतीस तशी बांध. आम्हाला दाखवायला म्हणून न्हाई. फडात जायचंय असं समज." आणि मोबाइलवर व्हिडिओ चालू केला, भिंतीवरचं घड्याळ दिसेल असा.

तिनं बांधली. काय ते हात! एक वेढा दुसऱ्याच्या अर्ध्यावर, पुन्हा अर्ध्यावर. खाली घट्ट, वर जाईल तशी सैल. कुठं सुरकुती नाही, कुठं गाठ नाही. जखमेवर मऊ धडपं आधी, मग पट्टी. शेवटचं टोक आत खोचलं आणि पाय झटकून उभी राहिली, कामाला निघाल्यासारखी. मिनिटसुद्धा लागलं नाही. सर खुर्ची ओढून पुढं आले होते. त्यांनी पट्टीखाली बोट घालून पाहिलं, वर, मध्ये, खाली.

"ताई," ते मला म्हणाले, "आपल्या वॉर्डात इतकी चांगली पट्टी कुणाला बांधता येत नाही. लिहा हे."

मी लिहिलं. जुनी ओळ पुसली नाही. तिच्याखाली त्या दिवशीची तारीख आणि वेळ टाकून नवी नोंद केली: रुग्ण गेले दोन हंगाम दररोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, स्वतः दाब-पट्टी बांधत आहे. पद्धत प्रत्यक्ष पाहिली. पद्धत योग्य. त्याखाली आणखी एक वाक्य घातलं: आधीच्या नोंदीतील 'नाही' हे उत्तर प्रश्न अपुरा विचारल्यामुळे आले असून ती चूक नोंद घेणाऱ्याची आहे.

"एवढं लिहायलाच पाहिजे का?" सरांनी विचारलं.

"पाहिजे," मी म्हणलं. त्यांनी सही केली. मीही केली. नर्सबाईचा कागद, पट्टीचे फोटो आणि व्हिडिओ जोडून फाइल वर पाठवली.

शुक्रवारी दुपारी फोन आला. वर बसणाऱ्या त्या डॉक्टरांचा. आवाज थकलेला, माणूस वाईट नव्हता. "म्याडम, तुमचा कागद पाहिला. पण फोटोतल्या या साडीच्या चिंध्या आहेत. यांना दाब-पट्टी कसं म्हणायचं?"

एरवी मी भडकले असते. त्या दिवशी माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, इतका शांत. "साहेब, तुम्ही व्हिडिओ पाहिला का?"

"व्हिडिओ पण आहे?"

"सगळ्यांत शेवटी. एका मिनिटाचा. तेवढा बघा, आणि मग तुम्हाला चिंधी म्हणायचं असेल तर म्हणा. आमचे सर डॉक्टर आहेत, त्यांनी बोट घालून ताण पाहिलाय. त्या नोंदीखाली त्यांची सही आहे."

"बघतो," म्हणाले आणि फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत काही आलं नाही. दर पाच मिनिटांनी मी कंप्युटरवर फाइल उघडून बघत होते. फाइल तपासणीत, फाइल तपासणीत, एवढंच दिसत होतं.

सहा वाजता ती दोघं आली. पहाटे गाडी निघणार होती. ती माझ्यासमोर बसली आणि सरळ विचारलं, "ताई, जाऊ का राहू?"

हे मला कुणी विचारेल असं मी कधी धरलंच नव्हतं. माझं काम कागद वर पाठवायचं. पण ती राहिली आणि फाइल नामंजूर झाली, तर तिचा हंगाम गेला आणि पायही तसाच. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ती राहिली तर नवऱ्याला अर्धा कोयता म्हणून दुसऱ्या कुणाशी जोडी लावावी लागणार होती. आणि ती गेली तर सरांनी सांगितलेलं माझ्या कानात होतंच. 

"मंजुरी आलेली न्हाई," मी म्हणलं. "येईलच असंही मी सांगत न्हाई. पण फाइलमध्ये आता एकही खोटा शब्द न्हाई आणि एकही खरी गोष्ट लिहायची राहिलेली न्हाई. माझी सख्खी बहीण असती तर मी तिला राहा म्हणलं असतं."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो टोपी फिरवत म्हणाला, "मी जातो अर्धा कोयता म्हणून. मुकादमाला बोलतो. तू राहा."

शनिवारी पहाटे गाडी गेली. ती वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या खाटेवर राहिली. रविवारी मी सुट्टी असून दोनदा हॉस्पिटलला गेले. मंजुरी आलेली नसायची. तिच्यासमोर बसून राहायचे, ती मला म्हणायची, "ताई, तुमी जेवला का?" मला!

सोमवारी अकरा वाजता फाइल उघडली आणि हिरव्या अक्षरात दिसलं: मंजूर. मी ओरडले. कसं ओरडले ते विचारू नका. बाकावरच्या एका म्हातारबाबाच्या हातातला चहा सांडला. सर मशीन सोडून बाहेर आले, त्यांना वाटलं कुणी पडलं. मी जिना चढून वॉर्डात पळत गेले, ह्याच गुडघ्यांनी. ती खाटेवर उठून बसली, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि तिनं दोन्ही हात स्वतःच्या पायाला लावले. एवढंच. मग आम्ही दोघी रडलो. मी रडायला लाजत नाही.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. सहा आठवड्यांनी तपासणीला आली तेव्हा सरांनी पोटरी दाबून सोडली आणि पडद्यावर काहीच खाली आलं नाही. ती शीर कायमची बंद झाली होती आणि रक्त दुसऱ्या चांगल्या शिरांनी वर चाललं होतं. घोट्यावर जखमेच्या जागी गुलाबी कातडी धरली होती. मी तिच्याशेजारी स्केल ठेवून फोटो घेतला. मापायला काही नव्हतं, तरी घेतला.

निघताना ती माझ्या टेबलाशी थांबली. "ताई, त्या कागदात माझ्याबद्दल काय लिवलतं ते वाचून दाखवा की. सगळे म्हणत्यात, तुमी लिवलं म्हणून झालं."

मी फाइल काढून वाचलं. "रुग्ण गेले दोन हंगाम दररोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, स्वतः दाब-पट्टी बांधत आहे. पद्धत प्रत्यक्ष पाहिली. पद्धत योग्य."

मला वाटलं ती खूश होईल. ती मान तिरकी करून ऐकत राहिली आणि म्हणाली, "घोट्यापासून न्हाई ताई. बोटांच्या बुडापासून. घोट्यापासून बांधली तर खालचं पाऊल सुजतं. मी कधीच घोट्यापासून बांधली न्हाई."

मी व्हिडिओ उघडून पाहिला. तिचंच बरोबर होतं. बोटांच्या मुळापासून पहिला वेढा, स्पष्ट दिसत होता. मी तेव्हा घाईत लिहिलं, सरांनी वाचून सही केली, वरच्या डॉक्टरांनी वाचून मंजूर केलं, आणि आमच्यापैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं.

फाइल केव्हाच बंद झालेली होती. त्या पानाला आता कुणी विचारणार नव्हतं. मी कंप्युटरवर नवी नोंद उघडली, त्या दिवशीची तारीख घातली आणि दुरुस्ती लिहिली: पट्टी बोटांच्या मुळापासून गुडघ्यापर्यंत. 'माहिती देणारा' असा एक रकाना असतो, तिथं आम्ही नेहमी डॉक्टरांचं नाव टाकतो. तिथं मी तिचं नाव टाकलं. सरांची सही घेऊन आले. त्यांच्या सहीखाली तिनं सही केली, एकेक अक्षर जुळवत, जीभ दातांत धरून. मग मी पहिल्यापासून सगळं पुन्हा वाचून दाखवलं.

"आता बरोबर हाय," ती म्हणाली.